वाशीच्या जुन्या बिल्डिंगी पाडा, पण शहराचे कागद रद्दीत घालू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने तुमच्या पेपरात नवी मुंबईच्या पानावर सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, जुन्या इमारतींच्या रिडेव्हलपमेंटच्या बातम्या सारख्या येतायत, कुणाला किती कार्पेट एरिया मिळणार, बिल्डर कॉर्पस म्हणून रोख किती देणार, भाडं किती, टॉवर किती मजली. माझा रिडेव्हलपमेंटला विरोध नाही हे आधीच सांगून टाकतो. वाशीच्या जेएन टाईपच्या, म्हणजे सिडकोनेच बांधलेल्या, घरांत ज्यांनी वर्षानुवर्षं छताला टेकू लावून संसार केले, स्लॅबचे तुकडे पडताना बघितले, त्यांना मी वारसा-बिरसा सांगायला गेलो तर ते मला जिन्यावरून खाली ढकलतील आणि बरोबरच करतील. पण या गडबडीत एक गोष्ट कुणी बोलतच नाहीये. बिल्डिंगींबरोबर हे शहर का बसवलं, कसं बसवलं, कुणाच्या जमिनीवर बसवलं याचे कागद, नकाशे, फोटो आणि ते सगळं डोळ्यांनी बघितलेली माणसं, असं सगळंच एकदम चाललंय, आणि ते जपायचं काम नक्की कुणाचं हे ठरवायला कुणालाच वेळ नाही.

लोकांना वाटतं नवी मुंबईला कसला आलाय इतिहास, काल-परवा तर झालं. बेलापूरचा किल्ला म्हटला की इतिहास, आणि पन्नास वर्षांची सिडकोची बिल्डिंग म्हटली की भंगार. चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे उभे केलेत, फ्लेमिंगो सिटी म्हणून मिरवतो, पक्षी सुंदरच आहेत, पण हे शहर कुणी आखलं आणि इथे आधी काय होतं हे सांगणारी एक साधी पाटी मला तरी आमच्या भागातल्या कुठल्या चौकात दिसलेली नाही.

थोडं मागचं सांगतो, कारण आमच्या सोसायटीतल्या पोरांना यातलं काहीच माहीत नसतं आणि त्यात त्यांचा दोष नाही, शाळेत कुणी सांगितलंच नाही. खाडीपलीकडे जायचा विचार सिडकोच्याही आधीचा आहे. १९५८ साली सरकारने स. गो. बर्वे यांचा अभ्यासगट नेमला होता, त्यांनी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधा असं सांगितलं. साठच्या दशकात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही मुंबईवरचा भार बाहेर काढायचं सुचवलं. आणि १९६५ ला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे दोन आर्किटेक्ट आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात मांडलं की मुंबई उत्तरेला नुसती लांबवत बसू नका, खाडी ओलांडून पूर्वेला नवं शहर करा, जमीन सरकारने आधीच घ्या म्हणजे शहर वाढल्यावर जमिनीची जी किंमत वाढेल त्यातूनच शहराचा खर्च निघेल. यातले पटेल म्हणजे ज्यांनी केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर डिझाईन केला तेच इंजिनिअर. या तिघांना कुणी कंत्राट दिलेलं नव्हतं बरं का, आपणहून केलेला उद्योग होता, आणि सरकारने तो चक्क मनावर घेतला, आजच्या काळात हे ऐकायलाही विचित्र वाटतं. १७ मार्च १९७० ला सिडको झाली, कोरिया पहिली काही वर्षं तिचे मुख्य आर्किटेक्ट, नियोजनाची जबाबदारी पटेलांकडे, आणि ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जागा या शहरासाठी ठरली.

पुढची गोष्ट ब्रोशरमध्ये कधी नसते. या लोकांना वाटत होतं की सरकार स्वतःच खाडीपलीकडे जाईल, मंत्रालय हललं की मागोमाग ऑफिसं हलतील आणि दक्षिण मुंबईचा श्वास मोकळा होईल. झालं उलटंच, नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे राहत गेले आणि इकडे आलं काय तर बेलापूरला कोकण भवन. पूल १९७३ ला झाला पण मानखुर्द-वाशी रेल्वे यायला १९९२ उजाडलं, तीसुद्धा सिडकोने खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला तेव्हा. मधल्या वर्षांत जे लोक वाशीला राहायला आले त्यांनी काय काढलं ते त्यांनाच माहीत. बीएमटीसीच्या, म्हणजे सिडकोच्या बससेवेच्या, बसची वाट बघत उभं राहायचं, पुलावर गाडी बंद पडली की संपलं, रात्री उशीर झाला तर टॅक्सीवाला खाडी ओलांडायला तयार व्हायचा नाही, आणि नातेवाईक म्हणायचे कुठे जाऊन पडलात रे. माझ्या वडिलांनी घर घेतलं तेव्हा आमच्या आजोबांनी त्यांच्याशी काही दिवस बोलणं टाकलं होतं! आज तेच घर विकायचं म्हटलं तर तेच नातेवाईक आधी आम्हाला सांगा म्हणतात.

आता हे सगळं कुठे लिहून ठेवलंय? थोडं इंग्रजी पुस्तकांत, थोडं आर्किटेक्चरच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये, आणि बाकी डोक्यात.

आमच्या सोसायटीचं ऑफिस मध्यंतरी रिकामं केलं तेव्हाची गोष्ट. लोखंडी कपाटातून अलॉटमेंट लेटरांचा गठ्ठा निघाला, हायर पर्चेसच्या हप्त्यांच्या पावत्या, पाणी येत नाही म्हणून टाईप करून पाठवलेल्या तक्रारींच्या कार्बन कॉप्या, आणि घडीवर फाटलेला सेक्टरचा निळसर अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची जुन्या पद्धतीची छापील प्रत. त्या प्रिंटवर चार बिल्डिंगींच्या मध्ये मुलांना खेळायची जागा व्यवस्थित दाखवलीय, शाळेला जायची पायवाट दाखवलीय, मोठा रस्ता न ओलांडता पोरगं घरून शाळेत पोचेल अशी. तीच जागा आज पार्किंग आहे आणि पायवाटेवर कुणाचा तरी जनरेटर. कमिटीतले एक जण म्हणाले रद्दीवाल्याला बोलवा, कपाटाचेसुद्धा पैसे येतील. मी गठ्ठा घरी आणला. आता तो आमच्या पलंगाखाली आहे आणि बायको रोज विचारते हे कधी जाणार, आणि तिचंही बरोबर आहे, माझ्या पलंगाखाली तो काही इतिहास नाही, नुसती अडगळच आहे. अशी अडगळ वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरण्यातल्या किती सोसायट्यांच्या कपाटात असेल आणि येत्या पाच-सात वर्षांत त्यातलं बरंचसं किलोच्या भावाने जाणार आहे.

काही लोक म्हणतील नॉस्टॅल्जिया आहे, म्हाताऱ्यांना कामधंदा नाही. बरं, मग कामाचंच बोलतो. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या चिखलाच्या जागेत, भर घालून केलाय आणि मोठी भरती आली की समुद्राची पातळी त्यातल्या काही भागांपेक्षा वर असते. म्हणून सिडकोने डच लोकांच्या पद्धतीने होल्डिंग पॉन्ड केले. पावसाचं पाणी नाल्यांतून या तळ्यांत यायचं, भरती आली की खाडीकडची झडप पाण्याच्या दाबाने आपोआप बंद व्हायची आणि ओहोटी लागली की उघडून साठलेलं पाणी बाहेर जायचं. मोठे पंप नकोत, काही नको. आज निम्म्या लोकांना ते तलाव वाटतात, काहींना रिकामा प्लॉट वाटतो, आत गाळ साचून खारफुटी वाढली आणि खारफुटी काढायची तर कोर्टाची परवानगी लागते, म्हणून वर्षानुवर्षं फायली फिरतायत. मग जुलैमध्ये सेक्टरमध्ये पाणी भरलं की आपण महापालिकेला शिव्या घालतो. पहिल्यापासून प्रत्येक तळ्याची खोली किती होती, कुठला नाला कुठे सोडला होता, हे मूळ ड्रॉइंग लोकांसमोर असतं तर निदान भांडायला तरी मुद्दे मिळाले असते. मी हे कागद मागायला एका ऑफिसात गेलो होतो, नाव घेत नाही, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी पहिल्यांकडे, शेवटी एका भल्या क्लार्कने चहा पाजून सांगितलं की साहेब, शिफ्टिंगमध्ये काय काय गेलं ते आम्हालाच माहीत नाही.

आणि मजा म्हणजे ही झडपेची युक्ती इथल्या गावांना नवीन नव्हती. खाऱ्या जमिनीत भात पिकवणारे आगरी लोक बांध घालून त्याला उघाडी ठेवायचे, भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं पाणी ओहोटीला सोडून द्यायचं, तत्त्व तेच. जुहूगावातल्या एक आजी आमच्याकडे मासे घेऊन यायच्या, त्या आमच्या बिल्डिंगीकडे हात करून सांगायच्या, "हितं आमची खाचरं व्हती, त्या पलीकडं मिठागर." प्रत्येक बांधाला, प्रत्येक खाचराला नाव होतं, त्या नावं घेत जायच्या आणि आम्ही पोरं हसायचो. त्यांच्या पिढीतली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिलीत आणि ती नावं सातबाऱ्यावरही सगळी सापडायची नाहीत.

इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. नवी मुंबईचा इतिहास म्हणून उद्या कुणी म्युझियम केलंच तर त्यात कोरिया आणि पटेलांचे फोटो असतील, मंत्र्यांनी नारळ फोडतानाचे फोटो असतील, आणि जानेवारी १९८४ गायब असेल अशी मला भीती आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते, आणि त्यातूनच पुढे १९९० पासून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. जमीन घेतली तर विकसित जमिनीतला वाटा द्या, या मागणीचा इतिहास आपल्या दारात घडलाय आणि जासईकडे दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना मानवंदना देतात तेव्हा खाडीकडच्या टॉवरमधल्या लोकांना ट्रॅफिक का वळवलाय एवढाच प्रश्न पडतो. गावठाणातल्या गरजेपोटी बांधलेल्या घरांना सरसकट अनधिकृत म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनीही हे वाचायला पाहिजे, कुटुंबं वाढत गेली आणि गावठाणाची हद्द मात्र तिथेच राहिली. विमानतळासाठी १० गावं उठली, उलव्याचा डोंगर फोडला, नदीचा प्रवाह वळवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा टर्मिनलच्या कमळाचे फोटो सगळ्यांनी टाकले. वाघिवली, चिंचपाडा, कोंबडभुजे, तरघर ही गावं कशी होती, देवळं कुठे होती, होळी कुठे लागायची, याचे फोटो कुणाकडे आहेत? असतील, तिथल्याच कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतील, आणि मोबाईल बदलला की जातील.

तसंच माथाडींचं. मसजिद बंदरचे घाऊक बाजार एकेक करून तुर्भ्याला आले, आधी कांदा-बटाटा, मग बाकीचे, आणि त्यांच्यामागे पाटण, सातारा, सांगली, जुन्नरकडचे माथाडी आणि त्यांची कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीच्या छोट्या घरांत आली. म्हणजे कोपरखैरण्याचा इतिहास लिहायचा तर अर्धा सातारा जिल्ह्यात जाऊन लिहावा लागेल. नियोजन करणाऱ्यांनी कागदावर आखलेली वसाहत प्रत्यक्षात गावच्या जत्रेच्या मंडळांनी, भजनी मंडळांनी आणि एसटीच्या रातराणीने कशी भरून गेली हे त्या घरांवर मजले चढायच्या आधी कुणी टिपून ठेवलं असतं तर काय बहार आली असती. अजूनही वेळ गेलेली नाही पण फार उरलेलाही नाही.

आर्टिस्ट व्हिलेजबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. बेलापूरला पारसिकच्या डोंगराखाली कोरियांनी ८० च्या दशकात केलेली ही बैठ्या घरांची वसाहत, जगभरच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर, अशी तीन अंगणं मिळून मोठं अंगण, आणि प्रत्येक घर आपल्या जागेवर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, कारण कोरियांचं म्हणणं होतं की लोकांना घर हळूहळू वाढवता आलं पाहिजे. लोकांनी वाढवलं. इतकं वाढवलं की मूळ घर शोधायला जावं लागतं, कौलं जाऊन स्लॅब आले, ग्रॅनाइट आलं, चार मजली बंगलेही झाले. मला त्यात चूक वाटत नाही, वाढवायलाच दिली होती ना. पण जी थोडी घरं अजून मुळात होती तशी आहेत त्यातलं एक, फक्त एक, घेऊन आत सगळी वसाहत कशी होती आणि कशी बदलली हे मांडून ठेवायला काय हरकत आहे? परदेशातून पोरं वही-पेन्सिल घेऊन येतात, गल्लीत उभी राहून चित्रं काढतात आणि त्यांना माहिती सांगायला असतो कोपऱ्यावरचा वाणी. तो मात्र छान सांगतो. आणि कोरियांची स्वतःची ड्रॉइंग्ज? त्यांनी त्यांचा संग्रह लंडनच्या रिबा या आर्किटेक्टांच्या संस्थेला दिला, तिथे २०१३ ला मोठं प्रदर्शनही झालं. त्यांना दोष देत नाही, तिथे कागद नीट राहतील अशी खात्री वाटली असेल, इथे वाटावी असं आपण काय केलं होतं. पणजीला त्यांच्या नावाचं फाऊंडेशन आहे, ते चांगलं काम करतं, पण नवी मुंबईतल्या माणसाने आपल्या शहराच्या आराखड्याबद्दल काही बघायचं म्हणजे गोव्याला नाहीतर लंडनला जायचं हे बरं दिसत नाही.

चंदीगडने काय केलं बघा. जिथे बसून शहर आखलं ते सेक्टर १९ मधलं जुनं आर्किटेक्ट ऑफिसच ठेवलं आणि त्यात शहर आखणाऱ्या आर्किटेक्टच्या नावाने ल कॉर्बुझिए सेंटर केलं, कुणीही आत जाऊन पत्रं, नकाशे बघू शकतं. अर्थात त्यांनाही अक्कल उशिराच आली, शहराबरोबरच डिझाईन केलेल्या सरकारी ऑफिसातल्या खुर्च्या भंगारात विकल्या आणि त्याच खुर्च्यांचे परदेशात लिलाव व्हायला लागले तेव्हा धावपळ सुरू झाली. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स नावाचं आपल्याच वयाचं नियोजित शहर आहे, १९६७ चं, तिथे लोकांनी जुन्या गावकऱ्यांच्या आणि नव्याने राहायला आलेल्यांच्या आठवणी टेप करून ठेवल्या आणि त्यावर नाटकंसुद्धा केली. नाटकं करायला आपल्याला कुणी शिकवायला नको, वाशीत भावे नाट्यगृह उभं आहे.

मागणी काही कोट्यवधींच्या म्युझियमची नाही, ती केली की आधी टेंडर निघेल, मग कन्सल्टंट येईल आणि शेवटी लेझर शो होईल. साधं मागणं आहे. सिडकोकडे १९७३ चा विकास आराखड्याचा मसुदा, जुने सर्व्हे, हवाई फोटो, नोडचे, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या एकेका भागाचे, नकाशे, कॉलनीची ड्रॉइंग्ज जे काही उरलंय ते स्कॅन करून फुकट बघता येईल असं ठेवावं, आणि त्याबरोबर सोप्या मराठीत माहिती द्यावी, कारण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना इंग्रजी रिपोर्ट देऊन काय उपयोग. रिडेव्हलपमेंटची परवानगी देताना महापालिकेने एक छोटी अट घालावी की पाडण्याआधी इमारतीचे, मोकळ्या जागांचे फोटो आणि सोसायटीचे जुने कागद स्कॅन करून जमा करायचे, बिल्डरला त्याचा खर्च एका फ्लॅटच्या टाइल्सइतकाही येणार नाही. इथल्या लीज ६० वर्षांच्या आहेत, सत्तरच्या दशकातल्या आहेत त्या आता संपतच आल्या, तेव्हा मूळ करारात काय होतं हे बघायला हेच कागद लागणार आहेत, म्हणजे निव्वळ व्यवहार म्हणून बघितलं तरी फायद्याचंच आहे. आणि कॉलेजच्या पोरांना सुट्टीत मोबाईल घेऊन गावठाणांत, माथाडी वसाहतीत, सिडकोच्या रिटायर्ड ड्राफ्ट्समन आणि इंजिनिअरांकडे पाठवा, त्यांना बोलतं करा. शिरीष पटेल २०२४ ला गेले. पहिल्या फळीतली बाकी माणसंही ऐंशीच्या पुढे आहेत.

गावांतल्या लोकांचा यावर विश्वास बसेलच असं नाही. आमच्याकडून कागद घेऊन उद्या आमच्याच विरुद्ध वापरतील ही त्यांची शंका अनुभवातून आलेली आहे. म्हणून हे काम नुसतं सिडकोच्या किंवा पालिकेच्या हातात देऊ नये, त्यात गावांतली माणसं बरोबरीने पाहिजेत, काय उघड ठेवायचं आणि काय नाही ते ठरवायला सुद्धा.

शेवटी तुमच्याकडेच एक मागणं आहे, रागावू नका. १९८४ च्या जानेवारीचे अंक, १९९२ ला पहिली लोकल वाशीला आली तेव्हाच्या बातम्या, पूल, बाजार, मोर्चे यांचे तुमच्या फोटोग्राफरांनी काढलेले न छापलेले फोटोसुद्धा, हे सगळं तुमच्या ऑफिसात कुठेतरी असणार. ते स्कॅन करून नवी मुंबईतल्या वाचनालयांना द्या. आणि रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम वाचकांच्या जुन्या फोटोंसाठी ठेवा, फोटोखाली जागा, साल आणि फोटोत कोण आहे एवढं छापा. पहिला फोटो मी पाठवतो, सेक्टरचा तो फाटका अमोनिया प्रिंट, फक्त तुमच्या माणसाला न्यायला पाठवा, कुरिअरने पाठवायची हिंमत होत नाही.

आपला,
एक जुना वाशीकर